आमची वाटचाल: गोटी सोड्यापासून फसफसत्या द्राक्षांपर्यंत

वडिलांचा नाशकात गोटी सोड्याचा धंदा होता. बाटलीच्या गळ्यातली काचेची गोटी आतल्या वायूच्या दाबानेच वर रबराला घट्ट बसते. हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ साली पेटंट घेतलेल्या या युक्तीवर आमचं घर उभं राहिलं. पुढे प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, टपऱ्यांची मागणी आटली, यंत्रं विकावी लागली. पाणी जितकं गार तितका वायू जास्त विरघळतो, हे वडिलांनी शिकवलेलं गणित मात्र उपयोगी पडलं.

भांड्यांच्या दुकानात आम्ही केकवाल्यांसाठी क्रीमचे सायफन, म्हणजे वायूच्या दाबाने क्रीम फुलवणाऱ्या घट्ट झाकणाच्या बाटल्या, ठेवू लागलो. त्यात सोड्याचा वायू घालून पाहावासा वाटणं आमच्या घरात साहजिकच होतं, आणि समोर नाशिकची द्राक्षं!

क्रीमसाठी नायट्रस ऑक्साइडची नळकांडी (दाबाने वायू भरलेली छोटी कुपी) लागते. तिने फळाला झिणझिण्या येत नाहीत. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचीच हवी. हा वायू फळातल्या रसात विरघळतो, थोडं कार्बोनिक आम्ल तयार होतं आणि चावताना जिभेला सोड्यासारखा चटका बसतो. म्हणून रसाळ फळं उत्तम: द्राक्षं, संत्र्याच्या फोडी, कलिंगड. केळं आम्ही कुणाला सुचवत नाही.

द्राक्षं धुऊन कोरडी करा आणि अर्धी चिरा. अखंड द्राक्षाच्या सालीतून वायू सावकाश शिरतो. फळं आणि सायफन दोन्ही गार करून घ्या. अर्धा लिटरच्या सायफनात अर्ध्याच्या वर भरू नका. ८ ग्रॅमची नळकांडी लावा (जास्तीत जास्त किती, ते सायफनसोबतच्या माहितीपत्रकात असतं) आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी सायफन उभा धरून, तोटीवर फडकं ठेवून खटका हळूच दाबा. फुस्स आवाज पूर्ण थांबल्यावरच झाकण फिरवा. वर काळं मीठ, चिरलेला पुदिना, आणि लगेच खायला घ्या. वाडग्यात ठेवून गप्पा मारत बसलात तर वायू उडून जातो.

दाबाच्या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही. २०१७ साली फ्रान्समध्ये प्लास्टिकच्या डोक्याचा सायफन फुटून एका तरुणीचा जीव गेला. आमच्याकडे फक्त धातूच्या डोक्याचे सायफन मिळतात. स्वस्तातला दाखवा म्हणणारं गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

जानेवारी ते एप्रिल, द्राक्षांच्या हंगामात, रविवारी दुकानात आम्ही हे करून दाखवतो. मुलांची गर्दी जास्त असते, पण सगळ्यात बारीक प्रश्न आजी मंडळी विचारतात. गोटी सोडा प्यायलेली पिढी ती, वायू कमी पडला की त्यांना पहिल्याच घासाला कळतं. सायफन कुठूनही घेतलेला असो, येताना सोबत आणा. रबरी वॉशर झिजला असेल तर बदलून देतो.