टाकी लॉग, अपडेट ६: एका नंबरवर दोघं जण

मागच्या वेळी लिहिलं होतं ना की सेन्सर अधूनमधून गायब होतो, बहुतेक सेल गेला. सेल गेला नव्हता. तीन रविवार आणि एक नवा १८६५० सेल फुकट गेला.

नवीन मंडळींसाठी सेटअप पटकन: चोपडा तालुका, घर मळ्यातच, केळीला ठिबक, सिमेंटच्या टाकीवर वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि ईएसपी८२६६ ही वायफाय चिप. दर १५ मिनिटांनी उठतो, लेव्हल घरातल्या जुन्या लिनक्स लॅपटॉपला पाठवतो आणि परत डीप स्लीप. थ्री फेज एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, म्हणून रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन टाकीवर चढायला लागू नये एवढ्यासाठी हा सगळा उद्योग.

गंमत अशी की दुपारभर रीडिंग बरोबर आणि संध्याकाळ झाली की कधी येतं कधी नाही. आबांना नेटवर्कचं काही सांगायला जावं तर "टाकीमा पानी शे का नही, इतलंच सांग."

शेवटी लॅपटॉपवर एआरपी टेबल (कुठला नंबर, म्हणजे आयपी पत्ता, कुठल्या डिव्हाइसचा याची यादी) उघडून बसलो. एआरपी म्हणजे दवंडीच, १९८२ पासून चालू आहे: "१९२.१६८.१.२० कोण आहे रे?" आणि ज्याचा तो नंबर तो स्वतःचा मॅक अ‍ॅड्रेस (डिव्हाइसच्या वायफायची ओळख) सांगतो. २० नंबर मी सेन्सरच्या कोडमध्ये फिक्स लिहून टाकलेला. टेबलात २० समोर ५सी-सीएफ-७एफ ने सुरू होणारा मॅक, बरोबर, ही ईएसपी बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीची सिरीज, म्हणजे आपलाच गडी. चहा पिऊन परत बघतो तर त्याच २० समोर भलताच मॅक! आणि त्याचा दुसरा आकडा ए (मॅकमध्ये ए ते एफ ही अक्षरंही आकडेच). पहिल्या जोडीतला दुसरा आकडा २, ६, ए किंवा ई असला की तो कंपनीने दिलेला मॅक नसतो, डिव्हाइसने स्वतः बनवलेला असतो, अँड्रॉइड १० पासून फोन वायफायवर हेच करतात. घरात संध्याकाळी येणारा फोन एकच, चुलतभावाचा.

आता खरी मजा. राउटर नंबर वाटताना, निदान बरेचसे राउटर, आधी विचारून बघतात की हा कुणी वापरतंय का. पण माझा सेन्सर १५ मिनिटांतले काही सेकंदच जागा, बाकी वेळ झोपलेला, झोपलेल्याला दवंडी कुठून ऐकू येणार! उत्तर नाही म्हणजे घर रिकामं, दिला २० नंबर भावाच्या फोनला. मग सेन्सर उठून लॅपटॉपला हाक मारायचा, लॅपटॉपकडे एका नंबरसमोर एकच मॅक, जो शेवटचा बोलला त्याचा, त्यामुळे उत्तर कधी सेन्सरला आणि कधी फोनला. चूक माझीच हो, राउटरचा डीएचसीपी पूल (ज्यातून तो आपोआप नंबर वाटतो) २ ते २५४ होता आणि मी त्याच्या पोटात घुसून नंबर बळकावला.

पूल १०० ते २०० केला, भावाच्या फोनचं वायफाय बंद-चालू केलं, झालं. रिझर्व्हेशन, म्हणजे राउटरमध्येच सेन्सरसाठी नंबर राखून ठेवणं, का नाही केलं असं कुणीतरी विचारेलच. रिझर्व्हेशन बरं असतं, पण त्यात सेन्सरला प्रत्येक वेळी उठून राउटरकडे नंबर मागायला लागतो, तेवढा वेळ रेडिओ चालू, तेवढा सेल खर्च. झोपणाऱ्या डिव्हाइसला पूलच्या बाहेरचा फिक्स नंबरच बरा, माझं तरी हेच मत झालंय.

लॅपटॉपला मात्र एमडीएनएस (नंबराऐवजी नावाने शोधायची सोय) लावला, आता 'मळा डॉट लोकल' टाकलं की पेज उघडतं. आबांच्या जुन्या फोनवर डॉट लोकल चालतच नाही, त्यांना सरळ आकड्यांचा शॉर्टकट करून दिला.

पुढचं काम गावातून टाकी बघायचं. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली हाक राउटरमधून लॅपटॉपपर्यंत पोचवणं) करायला गेलो तर राउटरवर बाहेरचा पत्ताच १००.७० ने सुरू होणारा निघाला, म्हणजे सीजीनॅट. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये त्यासाठीच बाजूला काढलेत, एका पब्लिक पत्त्यामागे कितीतरी घरं, बाहेरून आपलं दार सापडणारच नाही. व्हीपीएन (घरापर्यंतचा खासगी बोगदा) बघतोय. कुणी ईएसपीवर वायरगार्ड व्हीपीएन चालवलंय का, की लॅपटॉपवरच टाकू?

आज रात्रपाळीची लाइट. नऊ वाजल्यापासून आत्तापर्यंत आठच्या आठ रीडिंग आलेत, भाऊ शेजारी रील बघत बसलाय तरी.