शिसवी लाकूड ओळखताना

जुन्या बाजारात ‘अस्सल शिसवी आहे, ताई’ असं ऐकलं की मी आधी ती वस्तू उलटी करते. वरच्या पॉलिशवर विश्वास ठेवायचा नाही. खालच्या, रंग न लागलेल्या बाजूचा नखाएवढा पापुद्रा पटाशीने काढायचा. आत जांभळट तपकिरी गाभा, त्यात काळसर रेघा आणि ताज्या कापाला गुलाबाची आठवण देणारा गोडसर वास असेल, तर ते आपल्या सह्याद्रीतही वाढणारं शिसव, शास्त्रीय नाव डाल्बर्जिया लॅटिफोलिया. उत्तरेतलं शीशम, म्हणजे डाल्बर्जिया सिसू, त्याचंच भावंड. पण रंगाने सोनेरी तपकिरी आणि सहसा थोडं हलकं. दोन्ही लाकडं उत्तम. एकाच्या नावाने दुसरं विकलेलं मात्र मला अजिबात पटत नाही.

शिसवावर रंधा मारणं हे धीराचं काम. तंतू उलटसुलट गुंतलेले असतात, त्यामुळे वीतभर गुळगुळीत चाललेला रंधा अचानक ढलपी उपटतो. शिवाय लाकडात चुनखडीचे कण असतात, त्यांनी पातं लवकर बोथट होतं. मी पातं वारंवार पाजळते, अगदी पातळ थर काढते आणि शेवटचा हात स्क्रेपरने, म्हणजे लाकूड खरवडायच्या पोलादी पट्टीने, फिरवते. स्क्रूआधी भोक पाडायलाच हवं, नाहीतर लाकूड तडकतं. भुसा त्रासदायक असतो, मास्क लावाच.

2017 पासून डाल्बर्जियाच्या जवळपास सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, नियंत्रणाखाली आला. जंगलातली मोठी झाडं उभी राहावीत असं मला मनापासून वाटतं, म्हणून मी मोडक्या पलंगांचे पाय आणि जुन्या कपाटांच्या चौकटीच विकत घेते.