दख्खनचे छोटे उंदीर : ‘मुस’च्या नोंदींची प्रगती

पावसाळा सरल्यापासून काम दोन बाजूंनी पुढं सरकलंय: माळावरची बिळं आणि गव्हाणी घुबडांचे पेलेट, म्हणजे घुबडांनी ओकून टाकलेले, न पचलेल्या हाडांचे आणि केसांचे गोळे. पिंजरे लावत नाही, आणि ‘मुस’ प्रजातीसाठी (genus; घरउंदीर आणि त्याचे जवळचे छोटे भाऊबंद) त्यांची फारशी गरज नाही असं माझं आता ठाम मत आहे.

मुरमाड उतारावर बिळाच्या तोंडाशी बारीक खडे साठवलेले दिसले, की काटेरी उंदीर, म्हणजे मुस प्लॅटिथ्रिक्स, जवळपास आहे असं समजायचं. त्याचं वर्णन इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ बेनेटनं १८३२ मध्ये केलं, तेही दख्खनमधल्याच नमुन्यावरून. ब्रिटिश निसर्ग अभ्यासक वॉल्टर एलियटनं १८३९ मध्ये दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी केली, तिच्यात या खड्यांची नोंद आहे: उंदीर आत असला की तोंड खड्यांनी बंद, आणि बाहेर खड्यांचा साठा. आजही माळावर हेच दिसतं, याचा मला फार आनंद होतो. पण मुस सॅक्सिकोलाही काटेरीच, आणि खडकाळ जागी राहणारा. त्यामुळे नुसत्या बिळावरून वहीत ‘काटेरी गट’ एवढंच लिहितो.

शेताच्या बांधावरचा बहुधा मुस बुडुगा. पोट पांढरं, शेपूट डोकं-धडापेक्षा आखूड किंवा जेमतेम तेवढी. घरउंदराची शेपूट सहसा त्याहून लांब, पोट मळकट. मुस टेरिकलर मात्र बुडुगासारखाच दिसतो. तिथं खात्री गुणसूत्रांवरूनच होते, म्हणून फोटोवरून या दोघांत निवाडा देऊ नये. मोठ्या उंदराचं पिल्लूही फसवतं, तेव्हा मागचे पाय बघा: शरीराच्या मानानं मोठे दिसतात. चिचुंद्री तर कृंतक, म्हणजे उंदरांसारखा कुरतडणारा प्राणी, नाहीच. लांब टोकदार नाक आणि बारीक डोळे पुरेसे आहेत.

खरी मजा पेलेटमध्ये. हातमोजे आणि मास्क घालून, कोमट पाण्यात भिजवून सोडवायचे. वरच्या जबड्यातली पहिली दाढ उरलेल्या दोन दाढांच्या एकत्रित लांबीपेक्षा मोठी असेल तर तो ‘मुस’. रंग गेला, केस गेले, तरी ही खूण टिकते. म्हणूनच मला ती सगळ्यांत भरवशाची वाटते. घरउंदराच्या वरच्या पटाशीच्या दाताला मागच्या बाजूनं खाचही असते.

आता साफ केलेल्या कवट्यांमध्ये डोळ्यांवरच्या कडा तपासायला घेतल्यात. काटेरी गटात त्या उठून दिसतात.