तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंट समोर असताना मी स्क्रीनकडे का बघते

ओपीडीत हे रोज कोणी ना कोणी विचारतंच, परवा एका आजीने तर सरळ अहिराणीत सुनावलं, "डॉक्टर, आमनाकडे देखा ना, त्या टीव्हीमा काय देखतस?" आजीचं बरोबर होतं. तेव्हापासून आधी पोराच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघते, पोट तपासते, मग कीबोर्डला हात लावते. पण स्क्रीन सोडणार नाही, त्याला कारण आहे.

नंदुरबारकडे आमच्या भागात सिकलसेलचे (रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, तो आनुवंशिक आजार) पेशंट खूप, आणि दिवाळीनंतर घरंच्या घरं गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका दवाखान्यात होते, तिथे एक बाई सहा वर्षांच्या पोराला घेऊन तिकडून परत आली. कॅरीबॅगमध्ये चार घड्या घातलेला केसपेपर, शाई पसरलेली, हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलच्या औषधाचं नाव एवढं वाचता येत होतं पण डोस नाही. हा डोस वजनावर ठरतो, जास्त झाला तर पांढऱ्या पेशी उतरतात, कमी पडला तर पोराचे हातपाय दुखायचे थांबत नाहीत, म्हणजे मागचं वजन, मागचा डोस, मागचा सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) तिन्ही समोर पाहिजे. रजिस्टरं चाळली, सापडेना, कारण आडनाव एकीकडे पावरा लिहिलेलं, एकीकडे पावारा. औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पोराचे काही महिने फुकट गेले, ते मला अजून लागतं.

आता 14 आकडी आभा नंबर आहे, म्हणजे पेशंटचा सरकारी आरोग्य ओळख क्रमांक, पेशंटने हो म्हटलं की त्याला जोडलेले जुने रिपोर्ट स्क्रीनवर दिसतात, नाव कसंही लिहिलेलं असो. लाइट जाते, नेट जातं, मग वहीत लिहायचं आणि संध्याकाळी बसून भरायचं, करतो आम्ही ते. 2023 च्या जुलैत राष्ट्रीय सिकलसेल मिशन सुरू झालं, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, पण आज तपासलेल्या पोरीचं पंधरा-वीस वर्षांनी लग्न ठरेल तेव्हा रिपोर्ट हाताशी नको का? दोघंही वाहक (स्वतःला आजार नाही, पण मुलांत उतरू शकतो असे) निघाले तर दर खेपेला बाळाला आजार व्हायची शक्यता 25 टक्के.

इंटर्न पोरांनाही मी यावरच शिकवते. पुस्तकात थंडी आणि पाणी कमी पडणं ही दुखणं उसळायची कारणं दिलेली असतात, पोरं ती पाठही करतात, पण एकाच पेशंटचा चार वर्षांचा ग्राफ नाव झाकून समोर ठेवला आणि कोणत्या महिन्यांत ॲडमिट झाला ते विचारलं की मग फडात प्यायचं पाणी किती लांब असतं हे ती स्वतःहून आईला विचारायला जातात. कोणत्या महिन्यांत ॲडमिट व्हावं लागतं, हाच प्रश्न सगळ्या पेशंटच्या नोंदींना विचारायचा आहे, एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन, त्याची तयारी चालू आहे.

आणि स्क्रीन आता मी टेबलावर आडवी फिरवून ठेवते, आईलाही दिसेल अशी. गेल्या आठवड्यात एकीने हिमोग्लोबिनच्या रेषेवर बोट ठेवून विचारलं, "हा खड्डा कधीचा?" डिसेंबरचा, म्हटलं. ती लगेच म्हणाली, तेव्हा गोळ्या संपल्या होत्या आणि मुकादम सोडत नव्हता.