मोर लांबट झाला त्या दिवशी

परवा गल्लीतल्या एका काकूंनी विचारलं, "काय शिकायलीस गं आता ह्या वयात कंप्युटरवर, आता पोरीचं शिकायचं वय झालं की." भाजीची पिशवी हातात घेऊन त्यांना नीट सांगता आलं नाही म्हणून इथं लिहितेय, जरा लांबेल.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. भिंतीपलीकडं यंत्रमाग, लहानपणी रात्री लाईट जाऊन माग थांबला की उलट झोपमोड व्हायची. आजोबा मिल कामगार, मिल बंद पडल्यावर मागावर आले. वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्राचे, ग्राफ भरायचे आणि कार्डं पंच करायचे, दहावीनंतर मी त्यांच्या शेजारी बसून तेच शिकले. आता ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, चादरीवरचा मोर आधी ग्राफपेपरवर एकेक घर रंगवून काढायचा, एक घर म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा एकमेकांना ओलांडतात ती जागा, मग ग्राफवरून एकेक पुठ्ठ्याचं कार्ड पंच करायचं, भोक असेल तिथं सुई आत जाते आणि तो धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं ओवून साखळी करायची. एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत तीच चूक. अण्णा पंच करताना मोठ्यानं मोजायचे, त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही.

मग इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आले. कार्डंच नाहीत, फाईल टाकायची. आमचं काम महिन्याला चार-पाच डिझाईनवरून कधी एक, कधी शून्य. मी घाबरून एका क्लासला फी भरली, तिथं तीन महिने वाढदिवसाचे बॅनर आणि फोटोचं बॅकग्राऊंड बदलणं शिकवलं. कपड्याचं डिझाईन कसं करायचं विचारलं तर सर म्हणाले ते सिलॅबसमध्ये नाही. फी गेली, त्याहून वाईट म्हणजे आपल्याला डोकंच नाही असं वाटायला लागलं. ते वाटणं जायला एक वर्ष लागलं.

नंतर स्वतःच सुरू केलं. जिम्प नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, त्यात रंग मोजके ठेवून एकेक पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचा बारीक ठिपका, भरता येतो. मोबाईलवर हिंदीतले व्हिडिओ बघायचे, थांबवायचे, वहीत लिहायचं, रात्री जेवणं आवरल्यावर एक तास. बाहेरून शिकायची सवय थोडी होतीच, माझी बी.ए. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची, १९८९ पासून ते माझ्यासारख्या घरकाम करून शिकणाऱ्यांना दार उघडं ठेवून आहे आणि त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आयआयटीच्या प्राध्यापकांचे टेक्स्टाईलचे लेक्चर एनपीटीईएल ह्या वेबसाईटवर फुकट आहेत, इंग्रजीत आहेत पण हळू स्पीडवर लावले की कळतात, कारण फळ्यावर जे काढतात ते आपण हातानं केलेलं असतं.

पहिलं डिझाईन केलं तो मोर. स्क्रीनवर सुरेख गोल पिसारा. ओळखीच्या कारखान्यात सॅम्पल काढलं तर मोर लांबट, बगळ्यासारखी मान! मालक काही बोलले नाहीत, त्यांच्या कांड्या भरणाऱ्या वायंडरनं मात्र हसून घेतलं. मी घरी येऊन अण्णांची जुनी ट्रंक उघडली. त्यांच्या ग्राफपेपरवरची घरं बघितली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला, ती घरं चौरस नव्हतीच कधी! आमच्या मालात इंचात उभे धागे ६० आणि आडवे ४०, म्हणजे प्रत्येक आडवा धागा जास्त जागा घेतो. त्याच मापात पेपरची घरं आखलेली असायची. स्क्रीनवरचा पिक्सेल सरळ चौरस असतो, मी त्यातच मोर गोल काढला, तो कापडावर दीडपट उंच होणारच. रुंदीचे पिक्सेल उंचीच्या दीडपट घेतले, स्क्रीनवर मोर आडवा पसरट दिसायला लागला आणि कापडावर बरोबर गोल आला.

हे कुठल्या व्हिडिओत मला सापडलं नव्हतं. ते ट्रंकेत होतं.

म्हणून सगळे जे सांगतात ना, जुनं विसरा, नवीन स्किल घ्या, ते मला मुळीच पटत नाही. नवीन शिकायला जुन्याचाच आधार लागतो, वीस वर्षं हातानं केलेलं काम हीच आपली खरी फी भरलेली असते. बरं, १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जाकार नावाच्या माणसानं, ज्याच्यावरून जेकार्ड हे नाव पडलं, ही कार्डं मागाला लावली, आणि १८३० च्या दशकात चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी हीच कार्डांची कल्पना घेतली, हे मला चाळिशीत कळलं. म्हणजे अण्णा जे करत होते ते कंप्युटरच्या घरचंच काम होतं आणि आम्ही उगाच त्याला परकं समजून घाबरत होतो. अण्णा असते तर त्यांना हे सांगायला मला फार आवडलं असतं.

सरकारच्या कौशल विकास योजनेत आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देण्याची सोय आहे, आरपीएल म्हणतात, आपल्याकडच्या जुन्या कारागिरांनी ती नक्की विचारून बघावी. पण कारखान्यात मला अजून कुणी कागद मागितला नाही, सॅम्पल मागतात.

आता रविवारी दुपारी तिघेजण माझ्याकडं येतात. एक मामा आहेत अठ्ठावन्न वर्षांचे, आयुष्यभर कार्ड पंचिंग केलेले, माऊस धरला की हात थरथरतो. गेल्या रविवारी त्यांनी माझ्या स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पोरी, हितं धागा लई लांब सुटलाय, चादर धुतली की अडकंल बघ." झूम करून मोजलं, सलग चौदा पिक्सेल एकाच रंगाचे, म्हणजे तेवढा धागा मधे कुठंच न बांधता मोकळा. मी उठून खुर्ची त्यांना दिली आणि ते मोठ्यानं मोजत मोजत एकेक पिक्सेल भरायला लागले.