ब्लेकची 'लंडन' मला कशी कळली

एम.ए. इंग्लिशच्या पहिल्या वर्षाला विल्यम ब्लेकची 'लंडन' होती, 1794 ची, सोळाच ओळींची, म्हटलं एका संध्याकाळी होऊन जाईल. मी काय केलं तर ब्लेकचा जन्म, रोमँटिक कवितेची वैशिष्ट्यं, औद्योगिक क्रांती असं तीन पानं लिहिलं आणि कविता शेवटच्या अर्ध्या पानात. सरांनी असाइनमेंट परत दिली, म्हणाले यात कविता कुठंय? वाईट वाटलं, पण त्यांचं खरं होतं.

मग गाइड ठेवलं बाजूला आणि कविता वहीत हाताने उतरवून काढली, मध्ये जागा सोडून. पहिल्याच ओळीला अडले, 'चार्टर्ड'. रस्ते चार्टर्ड, थेम्स नदीपण चार्टर्ड. डिक्शनरीत अर्थ सनद, आणि सनद म्हटल्यावर एकदम आठवलं की आपण इतिहासात 1813 चा, 1833 चा सनदी कायदा पाठ केलाय, ईस्ट इंडिया कंपनीची तीच सनद! म्हणजे ज्याच्याकडे सनद त्याचा हक्क, बाकीच्यांनी बाहेर उभं राहायचं, इथे तर वाहती नदीसुद्धा कागदावर लिहून दिलेली. नंतर वाचलं की ब्लेकच्या वहीत आधी तिथे 'डर्टी' होतं, घाणेरडा रस्ता, घाणेरडी थेम्स, ते बदलून त्याने हा शब्द घातला. मला तर वाटतं अर्धी कविता त्या एका खाडाखोडीत आहे. घाण म्हटलं की लोक तिथे राहणाऱ्यांनाच नावं ठेवतात, सनद म्हटलं की ती दिली कोणी हे विचारावं लागतं.

मग पेन्सिलने गोल करत गेले. 'एव्हरी' सात वेळा आलाय, त्यातले पाच एकट्या दुसऱ्या कडव्यात. मनात वाचताना हे जाणवलंच नव्हतं, रात्री गच्चीवर मोठ्याने म्हटलं तेव्हा कुणीतरी दार ठोठावतंय असं वाटायला लागलं. आणि ते कडवं संपतं 'आय हिअर' वर, मनात घडवलेल्या बेड्या त्याला ऐकू येतात, दिसत नाहीत. पुढच्या कडव्याच्या चार ओळींची पहिली अक्षरं बघा, एच, ई, ए, आर, परत 'हिअर'च. मुद्दाम केलंय का ते मी ठामपणे लिहिलं नाही, पण नोंदवलं.

तिसरं कडवं सगळ्यात जास्त वेळ घेऊन गेलं. वहीत दोन रकाने केले, डावीकडे आवाज कुणाचा, उजवीकडे तो जाऊन आदळतो कुठे. धुराडी साफ करणारं पोरगं ओरडतं ते चर्चवर, काजळीने काळं पडत चाललेलं चर्च. आठ वर्षांखालच्या पोरांना या कामाला लावू नये असा कायदा 1788 ला झाला होता, पण तो पाळतंय कोण. सैनिकाचा उसासा राजवाड्याच्या भिंतीवरून रक्त होऊन ओघळतो. म्हणजे ब्लेक नुसतं दुःख सांगत नाहीये, कुणाच्या दारात नेऊन टाकायचं तेही सांगतोय, आणि हे रकाने केले नसते तर मी 'कवी गरिबांबद्दल सहानुभूती व्यक्त करतो' एवढंच लिहून मोकळी झाले असते.

शेवटी अगदी तरुण वेश्येचा शाप, तो तान्ह्या बाळापर्यंत पोचतो, कारण नवरा बाहेरून रोग घरी आणतो. 'मॅरेज हर्स' समजून घ्यायला मी समासात 'लग्नाची तिरडी' लिहिलं आणि अंगावर काटाच आला, त्या दिवशी पुढे काही लिहवलं नाही.

दुसऱ्यांदा दिलं तेव्हा जेमतेम दोन पानं झाली, सगळी कवितेवरची. सरांनी ठेवून घेतलं आणि ब्लेकने स्वतः कोरलेल्या त्या पानाचा फोटो दाखवला. वर एक लहान मुलगा कुबडीवरच्या म्हाताऱ्याला वाट दाखवत नेतोय. सोळा ओळींत हा म्हातारा कुठेच नाही. त्याच्यावर आता लिहायला घेतलंय.