तुम्ही विचारलंत म्हणून: खंडूला आधी काय खायला घातलंत?

खंडूला फिरवायला निघालं की कुणीतरी थांबवून विचारतंच, "हेच ना ते मरायला टेकलेलं पिल्लू? आणलंत तेव्हा आधी काय खायला घातलंत?" तुमच्याही दारात असं पिल्लू कधीतरी येईल, म्हणून नीट सांगते.

पहिले दोन तास काहीच घातलं नाही.

जुलैतला पाऊस होता. गल्लीच्या टोकाला बांधकाम चाललंय, तिथल्या वाळूच्या ढिगाआड ते पडलं होतं. कुणीतरी गळ्यात सुतळी बांधली नि सोडायची राहून गेली. पिल्लू वाढत गेलं, सुतळी कातडीत रुतत गेली. उचललं तर ओल्या फडक्यासारखं हातातून लोंबलं. ओठ वर करून पाहिला, हिरड्या पांढऱ्याफटक. कानात गोचिडी, भिजवलेल्या मटकीसारख्या, एकीला एक चिकटून. पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी आटलं होतं.

शेजारच्या काकू वाटीभर दूध घेऊन धावत आल्या. मायेनंच आणलं होतं, पण म्हटलं, "काकू, आत्ता नको." गार पडलेल्या पिल्लाचं पोट चालत नाही. धड गिळताही येत नाही, दूध फुफ्फुसात उतरू शकतं. शिवाय गाई-म्हशीच्या दुधानं पुष्कळ पिल्लांना जुलाब लागतात, आणि याच्या अंगात जुलाब सोसण्याइतकं पाणी होतंच कुठे? काकूंनी वाटी खाली ठेवली आणि दोन बाटल्यांत गरम पाणी भरून आणलं. बाटल्या फडक्यात गुंडाळल्या, एक पाठीशी लावली, एक पोटाशी, वर जुनी गोधडी. पाणी निवलं की काकू बदलायच्या. मी बोटावर थेंबभर मध घेऊन हिरड्यांना चोळत राहिले, कारण उपाशी पिल्लाच्या रक्तातली साखर उतरली की ते झटके येऊन जाऊ शकतं. बऱ्याच वेळानं पंजे कोमट लागले. मग त्यानं माझं बोट चाटलं, तेव्हा काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

मग रिक्षानं डॉक्टरांकडे. त्यांनी कातडीखाली सलाइन दिलं, सुतळी कापून काढली, वजन करून जंताचं औषध दिलं. दोन महिन्यांचं पिल्लू, वजन जेमतेम 1 किलो 400 ग्रॅम.

खाणं त्यानंतर. भाताची पेज आणि उकडलेल्या चिकनचं पाणी, मीठ-कांदा काही नाही. दर तीन तासांनी दोन-दोन चमचे, रात्री गजर लावून. उपाशी जिवाला एकदम पोटभर घालू नये, हे मन घट्ट करून पाळावं लागतं, कारण ते वाटीकडे बघत बसतं. लस अंगात जरा बळ आल्यावर, आणि रेबीजची तीन महिन्यांचं झाल्यावर.

अंगावर खरूजही होती. "जळकं ऑईल लावा," असं तिघांनी तरी सांगितलं. हात जोडून सांगते, लावू नका. कातडी होरपळते आणि कुत्रं चाटतं तेव्हा ते पोटात जातं. खरजेवर चांगली औषधं मिळतात, डॉक्टर देतात.

खंडूच्या गळ्याभोवती बोटभर जागेत अजून केस आलेले नाहीत. म्हणून त्याचा पट्टा छातीवरून आहे. काकू रोज संध्याकाळी वाटी घेऊन येतात, दहीभाताची, बिनमिठाची. फाटक वाजायच्या आधीच तो उठून उभा असतो.